काहीच नसलेल्या जागी संघ उभा करणं: केली अमॉन्टे हिलर यांचा खेळाडूपासून लॅक्रोस प्रशिक्षकापर्यंतचा मार्ग

२००२ च्या हंगामात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा महिला लॅक्रोस संघ पंधरा सामने खेळला आणि त्यातले दहा हरला. २००५ मध्ये याच संघाने एकवीसच्या एकवीस सामने जिंकले आणि एनसीएएच्या (अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) पहिल्या श्रेणीचं, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांमधलं सर्वोच्च विजेतेपद घेतलं. पुढच्या सात हंगामांत आणखी सहा विजेतेपदं आली. या सगळ्या काळात प्रशिक्षक एकच होत्या, केली अमॉन्टे हिलर.

त्या स्वतः आपल्या काळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी होत्या, त्यामुळे "मोठी खेळाडू, म्हणून मोठी प्रशिक्षक" असं समीकरण पटकन मांडलं जातं. ते टिकत नाही. उत्तम खेळाडू दरवर्षी निवृत्त होतात आणि त्यांतले बरेच प्रशिक्षणात येतातही, पण टिकतात थोडे. खेळाडू म्हणून मिळालेल्या नावाने अमॉन्टे हिलर यांना पहिलं दार उघडून दिलं. त्या प्रशिक्षक म्हणून घडल्या त्या दोन गोष्टींमुळे: दुय्यम पदांवर काढलेली मधली वर्षं, आणि जिथे काहीच तयार नव्हतं अशा ठिकाणी घेतलेली जबाबदारी.

आधी खेळाविषयी थोडं

टोकाला जाळी असलेली काठी, म्हणजे स्टिक, घेऊन साधारण १४५ ग्रॅम वजनाचा रबरी चेंडू झेलायचा, पळवायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलात मारायचा, असा हा खेळ. अमेरिकी विद्यापीठांतल्या महिलांच्या मैदानी प्रकारात गोलकीपर धरून प्रत्येक बाजूला बारा खेळाडू असतात. पुरुषांना हेल्मेट आणि पॅड असतात, अंगाला अंग भिडवायची मुभा असते. महिलांच्या खेळात डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात माउथगार्ड असतो, शारीरिक धक्क्यावर कडक बंधनं असतात. महिलांच्या स्टिकचं पॉकेट, म्हणजे चेंडू बसतो ती जाळीची खोली, उथळ असते, त्यामुळे चेंडू सहज निसटतो. बचाव ताकदीपेक्षा पायांवर चालतो आणि चेंडू हाताच्या नजाकतीवर. पुढे खेळाडू निवडताना हे फार महत्त्वाचं ठरलं.

मेरीलँडमध्ये काय मिळालं

अमॉन्टे मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमच्या. भाऊ टोनी अमॉन्टे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आइस हॉकी खेळला. मेरीलँड विद्यापीठात त्या सॉकर आणि लॅक्रोस दोन्ही खेळल्या. लॅक्रोसमध्ये चार वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूंच्या यादीत, निवड झाली आणि १९९५ व १९९६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली. पुढे राष्ट्रीय संघातून १९९७ आणि २००१ चे विश्वचषकही जिंकले.

तिथे त्यांना दोन माणसं भेटली. मुख्य प्रशिक्षक होत्या सिंडी टिमचल, ज्यांनी मेरीलँडला एकूण आठ विजेतेपदं मिळवून दिली. टिमचल त्याआधी १९८२ ते १९९० नॉर्थवेस्टर्नमध्येच प्रशिक्षक होत्या, म्हणजे शिष्येने पुढे जो संघ नव्याने उभा केला तो गुरूचा जुना संघ होता. त्यांचे सहायक होते गॅरी गेट, पुरुषांच्या लॅक्रोसमधलं दंतकथेसारखं नाव. पाठीमागून पास देणं, हात बदलून फटका मारणं, चेंडू लपवून पळणं हे पुरुषांच्या खेळातलं काठीकाम त्यांच्यामुळे मेरीलँडच्या महिलांच्या रोजच्या सरावात आलं. एका कर्मचारीवर्गात शिस्त आणि कसब या दोन्ही गोष्टी जवळून पाहायला मिळणं ही मोठी शिदोरी होती.

त्याच संघात कॅथी रीस खेळत होत्या. त्याही प्रशिक्षक झाल्या, पण वेगळ्या वाटेने: आधी मेरीलँडमध्ये सहायक, मग डेन्व्हरला मुख्य प्रशिक्षक, आणि २००७ पासून परत मेरीलँडमध्ये, जिथे परंपरा आणि दबदबा आधीच होता. रीस यांच्या मेरीलँडने २०१० च्या अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नला १३-११ ने हरवलं. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. चालत्या संघात गेलं की पहिल्या दिवसापासून उत्तम खेळाडू असतात, पण आपली पद्धत रुजवायला मोकळी जागा कमी. रिकाम्या जागी सगळं आपल्या हाताने करता येतं, पण पहिली दोन-तीन वर्षं हरायची तयारी लागते.

सहायकाची वर्षं

नॉर्थवेस्टर्नच्या आधी अमॉन्टे हिलर यांनी ब्राउन, मॅसॅच्युसेट्स आणि बॉस्टन विद्यापीठांत सहायक प्रशिक्षक म्हणून काम केलं. ही तिन्ही न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाची. या वर्षांबद्दल फार लिहिलं जात नाही, पण प्रशिक्षणात येऊ पाहणाऱ्या माजी खेळाडूने सर्वांत बारकाईने पाहावा असा टप्पा हाच.

सहायकाचं काम मैदानावर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट मैदानाबाहेर असतं. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या चित्रफिती कापून त्यांच्या बचावाचे आकृतिबंध काढायचे. शाळकरी खेळाडूंच्या स्पर्धांना जाऊन चार-चार मैदानांवर एकाच वेळी चाललेले सामने पाहायचे आणि नोंदी ठेवायच्या. बस, हॉटेल, जेवण ठरवायचं. अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूसाठी शिक्षण विभागाशी बोलायचं. एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूंना आठवड्याला वीस तास आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गुंतवता येत नाही, हंगामाबाहेर आठवड्याला आठच तास मिळतात. त्या तासांचा हिशेबही बहुतेकदा सहायकाकडेच असतो. वीस तासांतले किती मैदानावर, किती व्यायामशाळेत, किती चित्रफितींपुढे घालवायचे हे वाटप जमलं की मुख्य प्रशिक्षकाचं निम्मं काम कळलं असं समजावं.

मोठ्या खेळाडूची अडचण इथे उघडी पडते. जे हातात भिनलेलं असतं ते शब्दांत सांगता येत नाही. "असं मार" म्हणून करून दाखवलं जातं, समोरच्या मुलीला ते दिसतं, पण जमत नाही. दाखवणाऱ्याला वाटतं तिचं लक्ष नाही. खरं तर करून दाखवलेल्या फटक्यात पाच-सहा हालचाली एकामागोमाग झालेल्या असतात आणि शिकणाऱ्याला त्यांतली पहिली कोणती हेच कळलेलं नसतं. उपाय म्हणजे प्रत्येक कौशल्याचे तुकडे पाडायचे आणि एका वेळी एकच सूचना द्यायची. पासचं उदाहरण घ्या. नवशिक्या वरच्या हाताने चेंडू ढकलतात, म्हणून तो हळू आणि उंच जातो. "जोरात मार" म्हटलं की ढकलणं आणखी वाढतं. "खालचा हात कोपराकडे ओढ" एवढंच सांगितलं की काठी आपोआप फिरते आणि चेंडू सरळ जातो. अशा पन्नासेक सूचना तयार होईपर्यंत चांगला खेळाडू चांगला शिक्षक होत नाही, आणि त्या तयार होतात सहायक म्हणून कमकुवत खेळाडूंबरोबर काम करताना.

इव्हान्स्टनची रिकामी जागा

नॉर्थवेस्टर्नचा महिला संघ १९९२ मध्ये बंद झाला होता. पुढे दहा वर्षं मुली हौशी क्लब म्हणून खेळत राहिल्या. विद्यापीठाने संघ पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि काम अमॉन्टे हिलर यांच्याकडे दिलं. तेव्हा त्या विशीतच होत्या.

जागा अवघड होती. नॉर्थवेस्टर्न ज्या गावात आहे ते इव्हान्स्टन शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी. लॅक्रोसचं माहेर पूर्व किनारपट्टी: बॉल्टिमोर, लाँग आयलंड, फिलाडेल्फियाचा परिसर, न्यू इंग्लंड. तिथल्या मुली शाळेपासून खेळतात आणि साहजिकच तिथल्याच विद्यापीठांत जातात. २००५ पर्यंत पूर्वेकडच्या टाइम झोनबाहेरच्या एकाही संघाने हे विजेतेपद जिंकलेलं नव्हतं. विद्यापीठ ज्या बिग टेन परिषदेत, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, आहे तिच्यात २०१५ पर्यंत लॅक्रोसची स्पर्धाच नव्हती, म्हणून संघ अमेरिकन लॅक्रोस कॉन्फरन्समध्ये खेळायचा. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि तेव्हा इव्हान्स्टनमध्ये बर्फ असतो. शिष्यवृत्त्यांची एनसीएएची कमाल मर्यादा महिला लॅक्रोससाठी बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी होती, आणि त्या तीसेक जणींत वाटायच्या. म्हणजे बहुतेक मुलींना अर्धी, पाव किंवा काहीच नाही. (२०२५-२६ पासून नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीऐवजी संघसंख्येवर मर्यादा आली, महिला लॅक्रोससाठी ३८.)

अशा वेळी नवा प्रशिक्षक हमखास एक चूक करतो. मोठ्या संघांनी नाकारलेल्या, पण लॅक्रोस येत असलेल्या मुली गोळा करतो. संघ लगेच बरा दिसतो आणि मधल्या फळीत अडकून राहतो, कारण काठी येणाऱ्या पण पाय मंद असलेल्या मुलींची वाढ तिथेच थांबलेली असते. अमॉन्टे हिलर यांनी उलट केलं. पूर्वेकडच्या ज्या चांगल्या मुली येतील त्या घेतल्याच, मॅसॅच्युसेट्सची क्रिस्टन केलमन त्यांतलीच. पण उरलेल्या जागांसाठी लॅक्रोसचा अनुभव न पाहता शरीर, वेग आणि जिद्द पाहिली. विद्यापीठाच्या आवारात नजरेस पडलेल्या जुळ्या बहिणींना त्यांनी संघात यायचं विचारलं. दोघी इतर खेळ खेळलेल्या, लॅक्रोसची काठी कधी हातात धरलेली नव्हती. २००५ च्या विजेत्या संघात दोघी होत्या. ही गोष्ट अमेरिकेत नशिबाची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती निवडीची पद्धत आहे, आणि तिच्यामागे शिकवण्याची पद्धत नसती तर ती फसलीच असती.

काठी न धरलेल्या खेळाडूला मैदानावर कसं आणायचं

हे काम नवीन संघ उभारणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला करावं लागतं, म्हणून जरा सविस्तर.

बास्केटबॉल किंवा सॉकरमधून आलेल्या मुलीला पहिली जागा बचावात द्यावी. तिथे काठीकाम सर्वांत कमी लागतं आणि बाजूला सरकणारी पावलं, कंबर खाली, छाती प्रतिस्पर्ध्यासमोर हे तिला आधीच येतं. आक्रमणात ठेवली तर दर दुसऱ्या चेंडूला पास चुकतो, मुलगी खचते आणि संघही वैतागतो.

रोज पंधरा ते वीस मिनिटं भिंतीवर चेंडू. सुरुवात तीन-चार मीटरवरून, उजव्या हाताने पन्नास, डाव्याने पन्नास, मग अंतर वाढवायचं. डावा हात टाळला जातोच, म्हणून पहिले दोन महिने डाव्याची संख्या जास्त ठेवावी. झेलताना काठी चेंडूकडे झेपावली तर उथळ पॉकेटमधून चेंडू उसळून बाहेर पडतो. काठी चेंडूबरोबर थोडी मागे न्यायची. जमिनीवरचा चेंडू उचलताना काठीचा मागचा दांडा वर राहिला की चेंडू पुढे ढकलला जातो. मूठ जमिनीच्या जवळ आणि पाय चेंडूच्या बाजूला, एवढं सांगितलं की आठवड्यात फरक दिसतो.

खरा त्रास नियमांचा. गोलसमोर आठ मीटरचा अर्धवर्तुळाकार भाग असतो. बचावातली खेळाडू एखाद्या प्रतिस्पर्धी खेळाडूला काठीच्या अंतरात राहून अडवत नसताना तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. बास्केटबॉलमधून आलेली मुलगी सवयीने मध्ये उभी राहून जागा राखते आणि फाऊल होतो. दुसरा फाऊल याहून महाग: फटका मारायच्या तयारीतल्या खेळाडू आणि गोल यांच्यामधल्या वाटेत, तिला जवळून अडवत नसताना, शिरणं. हा धोक्याचा फाऊल आहे, कारण चेंडू अंगावर येऊ शकतो आणि चिलखत नसतं. दोन्हींची शिक्षा म्हणजे आठ मीटरच्या रेषेवरून मोकळा फटका, आणि तिथून चांगली खेळाडू बऱ्याचदा गोल करते. म्हणून नवोदितांच्या सरावात वाटेत न शिरता बाजूच्या कोनातून धावून येणं स्वतंत्रपणे घोटवून घ्यावं लागतं. शब्दांनी हे कळत नाही. मैदानावर चुन्याने वाट आखून, प्रशिक्षकाने चेंडू घेऊन उभं राहून दाखवावं लागतं.

या सगळ्याला एक पूर्ण शरद ऋतू आणि हिवाळा जातो. पहिल्या हंगामात अशा खेळाडूकडून सामन्यात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा धरू नये.

२००२ ते २०१२

पहिला हंगाम ५-१०, म्हणजे पाच विजय आणि दहा पराभव. दुसरा ८-८. तिसरा, २००४ चा, १५-३. चौथ्यात अजिंक्य, ॲनापोलिसमधल्या अंतिम सामन्यात व्हर्जिनियावर १३-१० ने मात. मग २००६, २००७, २००८ आणि २००९, म्हणजे २००५ धरून सलग पाच विजेतेपदं. २००९ मध्ये पुन्हा एकही सामना न हरता, अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनावर २१-७. २०१० ला मेरीलँडने रोखलं. २०११ ला त्याच मेरीलँडवर ८-७, २०१२ ला सिरॅक्यूजवर ८-६. केलमनला २००६ आणि २००७ चा, ॲडलेडहून आलेल्या ऑस्ट्रेलियन हॅना नील्सनला २००८ आणि २००९ चा, तर शॅनन स्मिथला २०११ चा टेवाराटन पुरस्कार, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा मान मिळाला.

मैदानावर दोन गोष्टी दिसत. पहिली, दबावाचा बचाव. चेंडू गमावला की मागे न पळता तिथेच झडप घालायची. त्याला दम लागतो, आणि इतर खेळांतल्या मुली निवडण्याचा फायदा इथे वसूल होतो. दुसरी, काठीकामाचं स्वातंत्र्य. मेरीलँडमध्ये पाहिलेलं कसब खेळाडूंना आपापल्या शैलीत वापरू दिलं गेलं. बहुतेक प्रशिक्षक याला घाबरतात, कारण चुकलेला पाठीमागचा पास फार वाईट दिसतो.

मधली दहा वर्षं

२०१३ ते २०२२ या काळात एकही विजेतेपद नाही. उपांत्य फेरीपर्यंत संघ अनेकदा गेला. २०२१ ला तिथपर्यंत एकही सामना न हरता जाऊन सिरॅक्यूजकडून हार झाली. २०२२ ला नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध मोठी आघाडी शेवटच्या टप्प्यात निसटली आणि सामना १४-१५ ने गेला.

इतरांनी तीच पद्धत उचलली होती. शिवाय खेळ बदलला. २०१७ पासून फटक्यासाठी ९० सेकंदांचं घड्याळ आलं. २०१८ पासून शिटीनंतर जागच्या जागी थांबण्याचा जुना नियम गेला. २०२२ पासून दोन अर्धांऐवजी पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. महिलांच्या मैदानी खेळात प्रत्येक गोलनंतर मध्यवर्तुळात ड्रॉ होतो: दोन खेळाडूंच्या काठ्यांच्या पाठींमध्ये चेंडू, आणि शिटीला दोघी तो वर खेचतात. ड्रॉ जिंकत राहणारा संघ गोल करून लगेच पुन्हा चेंडू मिळवतो. मोठ्या आघाड्या वितळतात त्या बहुधा इथेच. समोरच्यांनी सलग सहा-सात ड्रॉ जिंकले की बचाव कितीही चांगला असो, त्याला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही.

२०१७ चाच आणखी एक बदल नव्या प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावा. खेळाडू अकरावीत जाईपर्यंत, म्हणजे त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी, प्रशिक्षकाला तिच्याशी प्रवेशाबद्दल बोलता येत नाही. त्याआधी आठवी-नववीतल्या मुली तोंडी शब्द देऊन बसायच्या आणि उशिरा फुललेली खेळाडू हातची जायची.

२०२३ ला नॉर्थवेस्टर्नने हंगामाचा पहिलाच सामना हरून नंतर एकही हरला नाही. अंतिम सामन्यात बॉस्टन कॉलेजवर १८-६. संघाची मुख्य गोल करणारी इझी स्केन गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२२ पूर्ण बाहेर होती. ती आली मिशिगनमधून, पूर्व किनाऱ्यावरून नाही. २०२४ ला बॉस्टन कॉलेजने १४-१३ ने आणि २०२५ ला नॉर्थ कॅरोलिनाने १२-८ ने अंतिम सामन्यात हरवलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या जेनी लेव्ही यांनीही तिथला संघ १९९६ मध्ये शून्यातून सुरू केला होता, आणि बॉस्टन कॉलेजच्या अकेशिया वॉकर-वाइनस्टीन मेरीलँडमध्ये खेळलेल्या.

खेळाडूंमधून पुढचे प्रशिक्षक

नॉर्थवेस्टर्नच्या लिंडसी मंडे यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ २०१३ मध्ये पहिल्या हंगामापासून उभा केला. ॲन एलियट व्हिडन यांनी कोलोराडोत २०१४ पासून तेच केलं. शॅनन स्मिथ हॉफस्ट्राच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पहिल्या दोघींनी लॅक्रोसची मुळं नसलेल्या पश्चिमेत काम घेतलं. काठी न धरलेल्या मुलींना शिकवताना ज्यांनी रोज पाहिलं होतं, त्यांना रिकामी जागा भीतीदायक वाटली नाही.

आज या वाटेवर येणाऱ्यासाठी

पूर्वी अनेक माजी खेळाडू बिनपगारी स्वयंसेवक सहायक म्हणून सुरुवात करत. १ जुलै २०२३ पासून एनसीएएने हे पद रद्द केलं, त्यामुळे पहिल्या नोकरीपासून पगार मिळू शकतो, पण त्या जागांसाठी चढाओढही वाढली. शाळेच्या किंवा क्लबच्या संघापासून सुरुवात करून यूएसए लॅक्रोस या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र आणि खेळाडू-सुरक्षेचं प्रशिक्षण आधीच पूर्ण करावं. मुलाखतीला एका आठवड्याचा तासांसह सरावाचा आराखडा आणि स्वतः कापलेली एका प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत घेऊन जावं. खेळाडू म्हणून केलेल्या गोलांची यादी तिथे फारशी कामाची नाही.

दुसरी वाट भारताशी जोडलेली आहे. १६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रोसच्या सिक्सेस प्रकाराला मान्यता मिळाली. प्रत्येक बाजूला सहा जण, मैदान ७० बाय ३६ मीटर, आठ मिनिटांचे चार भाग, फटक्यासाठी फक्त ३० सेकंद, संघात बारा खेळाडू. ड्रॉ फक्त प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, गोलनंतर गोलकीपरच चेंडू खेळात आणतो. म्हणजे ड्रॉ-तज्ज्ञ खेळाडूचं वजन इथे घटतं, आणि आक्रमणातून बचावात दोन-तीन सेकंदांत वळणाऱ्या, दोन्ही टोकांना खेळणाऱ्या खेळाडूचं वाढतं. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळलेल्या मुलामुलींना ही सवय असते. महाराष्ट्रात हे दोन्ही खेळ शालेय स्पर्धांमध्ये आहेत. इथे कुणी संघ बांधायला घेतला तर पहिले खेळाडू तिथूनच घ्यावेत, पहिला महिना भिंत आणि डावा हात, आणि गोलकीपर पहिल्या आठवड्यातच ठरवावा. सिक्सेसमध्ये प्रत्येक गोलनंतरचा पहिला पास त्याच्या काठीतून जातो आणि तो पास चुकला की समोरचा संघ गोलपासून वीस-पंचवीस मीटरवरच उभा असतो.